मऊ तबकडीचा दृष्टांत

“काका, ही नका घेऊ,” म्हणत पूनमनं दादाजींच्या हातातली कोरी निळी तबकडी काढून घेतली. “ही तुमचं ऐकणार नाई. तुमी सरळ सोडसान अन् ही डावीकडं नाल्यात जाऊन बसन.”

“नवीन दिसली म्हणून उचलली मी.”

“नवीन हाये म्हणूनच हट्टी हाये.”

ढाब्यामागच्या बाजेवर तिनं सगळ्या तबकड्या मांडून ठेवल्या होत्या. जेवणाच्या ताटलीएवढ्या, बोथट कडेच्या. लांबच्या फेकीच्या तबकड्या वेगळ्या, धारदार कडेच्या. या जवळच्या फेकीच्या. खेळात त्यांना पटर म्हणतात.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या बाहेर, हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागून हर्षदीपचा हा ढाबा. हर्षदीप आणि त्याची बायको पूनम काही वर्षं हैदराबादला नोकरीला होते, तिथं त्यांनी हा डिस्क गोल्फ पाहिला. गावी परतल्यावर बापाच्या पडीक जमिनीत, मोहाच्या आणि पळसाच्या झाडांमधून, त्यांनी लोखंडी खांब रोवले आणि प्रत्येक खांबाला साखळ्यांची टोपली लावली. तबकडी फेकत जायचं आणि कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची, एवढाच खेळ. लांबचे गाडीवाले जेवून घटकाभर थांबतील असा त्यांचा हिशेब होता. गाडीवाले काही थांबले नाहीत. थांबले ते दादाजी.

दादाजींची गावात पिठाची चक्की. जोंधळ्याची पोती उजव्या खांद्यावर घेऊन घेऊन खांदा असा आखडला होता की डोक्यावर टोपी घालायलाही डावा हात लागायचा. आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, हलवत राहा, नाहीतर गोठेल. ढाब्यावर पीठ पोचवायला आले असता एका संध्याकाळी त्यांनी सहज तबकडी हातात घेतली आणि तेव्हापासून चक्की बंद केली की त्यांचे पाय आपोआप इकडं वळू लागले. खेळाडू म्हणावे असे ते काही झाले नाहीत. पण आयुष्यभर जे जे उचललं ते जड होतं, आणि उचलल्यावर कुठं ना कुठं उतरवावंच लागलं. हातातून सुटून आपलं आपण पुढं जाणारं हे पहिलंच काही त्यांना भेटलं होतं.

बाजेवरच्या ढिगातून एक पिवळी काढून पूनमनं दादाजींच्या हातात दिली. तिच्या कडेला ओरखडेच ओरखडे. चक्कीतलं पीठ जाड पडलं की बारीक हे बघायला चिमूट अंगठ्यानं चोळतात, तशी त्यांनी ती कड चोळली; मग दोन्ही हातांनी दाबून पाहिली. वाकली आणि परत सरळ झाली.

“ही तं पार मऊ पडली.”

“तीच घ्या. हिले अंडरस्टेबल म्हणतात. सगळ्या तबकड्या शेवटी डावीकडं पडतात. ही झाडाईवर आपटून आपटून तो हट्ट विसरली. जाता जाता उजवीकडं कलते. जोर नसलेल्या हाताले असीच पाह्यजे.”

“म्हणजे म्हाताऱ्याईची.”

“मीबी हीच फेकतो ना काका. मले म्हातारी म्हणता का?”

दादाजी हसले. पूनमनं शिकवलं तसं त्यांनी तबकडी छातीशी आडवी धरली, अंगठा वर, बोटं कडेखाली. “डावी कड थोडी खाली झुकवून सोडसान तं वाटेत आपली आपण सपाट होईन अन् सरळ जाईन,” ती सांगत होती. “पण इथं सरळ जाऊन भागत नाई. टोपली मोहाच्या मागं उजवीकडं हाये. इथं सपाटच सोडा. वळू द्या तिले. वारं समोरून असलं तं मात्र हात आवरा, लगेच उलथते.”

पहिली फेक मोहाच्या खोडावर. दुसरी लवकर सुटली आणि गवतात घसरत गेली. तिसऱ्या वेळी दादाजींनी खांद्याला काही सांगितलंच नाही, नुसतं मनगट झटकलं. पिवळी तबकडी झाडाच्या डाव्या अंगानं गेली, तिथं जरा रेंगाळल्यासारखी झाली आणि मग उजवीकडं कलत कलत झाडाआड दिसेनाशी झाली. मागाहून साखळ्यांचा आवाज आला. टाळकऱ्यांनी एकदम पहिला ठोका द्यावा तसा.

दादाजींनी नकळत हात जोडले.

हे सगळं भगवंतरावांनाही एकदा दिसलं होतं. भगवंतराव म्हणजे बी-बियाणाचे मोठे दुकानदार आणि विठ्ठल मंदिराच्या सप्ताह समितीचे अध्यक्ष. नागपूरच्या पाहुण्यांना घेऊन ते ढाब्यावर जेवायला आले होते. पाहुण्यांसमोर त्यांनी सगळ्यात महागाची, सगळ्यात कडक तबकडी मागितली. पूनम म्हणाली, “भाऊजी, ही नव्या हाताले जमत नाई.” त्यांनी ऐकलं नाही. अंगातलं सगळं बळ लावून फेकली. ती डावीकडं वळून म्हशींच्या हौदात पडली. पाठोपाठ दादाजींनी आपली पिवळी सोडली आणि त्या दिवशी देवाच्या मनात होतं म्हणा, ती टोपलीत गेली. पाहुणे हसले. पूनमही हसली. भगवंतराव म्हणाले, “बायकाईची ताटली घेऊन काय जिंकता?” आणि हात धुवायला गेले. दादाजी ते विसरूनही गेले होते.

पुढच्याच आठवड्यात सप्ताह बसला.

सप्ताहात कीर्तनाच्या वेळची वीणा दादाजींच्या गळ्यात. आधी त्यांच्या वडिलांकडं होती, वडील थकल्यावर त्यांच्याकडं आली. विणेकऱ्यानं कीर्तनकाराच्या मागं उभं राहायचं, तार छेडत राहायची, आणि दुसऱ्यानं येऊन गळ्यात घेईपर्यंत वीणा उतरवायची नाही. चक्कीवर चार माणसांत न बोलणारा हा माणूस वीणा गळ्यात आली की वेगळाच दिसायचा. कीर्तन ऐकताना त्यांचे डोळे भरून यायचे आणि ते पुसायला हात मोकळा नसायचा.

शेवटच्या दोन सेवा रविकांत महाराजांच्या होत्या; संध्याकाळचं कीर्तन आणि दुसऱ्या सकाळचा काला. महाराज तरुण, पैनगंगेपलीकडचे. गळा काय सांगावा. त्यांनी अभंग लावला तेव्हा रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले. दादाजींनी डोळे मिटले. असं कीर्तन कानी पडावं म्हणून माणसानं वर्षभर पीठ दळावं, असं त्यांना वाटत होतं.

मग महाराज दृष्टांतावर आले.

“माणूस साठीला टेकला की हातात काय पाहिजे?”

“माळ,” मांडवातून उत्तर आलं.

“माळ नाहीतर टाळ. आणि तुमच्या इचोड्यात काय असतं?” महाराज थांबले, लोकांकडं बघून हसले. “ताटली.”

बाप्यांच्या बाजूला खसखस पिकली.

“आणि ताटली तरी कशी? पुरुषाची कडक ताटली झेपत नाही, म्हणून बायकांची मऊ. ढाब्याच्या मागं, रोज संध्याकाळी, लोकांच्या तरण्या सुनेच्या संगतीनं. ती म्हणते, काका वाका. काका वाकतात. देवापुढं नाही वाकणार, तिथं वाकतात.” महाराजांनी वळून दादाजींच्या खांद्यावर हात ठेवला. “काय विणेकरीबुवा, खोटं बोललो का?”

मांडव हसून लोटपोट झाला. हात नेमका दुखऱ्या खांद्यावर पडला होता. वीणा गळ्यात होती. ती टाकून निघून जाता येत नव्हतं, आणि नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाला उलटून बोलायची रीत नाही. दादाजींचं बोट तारेवर चालत राहिलं. बायकांच्या बाजूला त्यांची नजर गेली. पूनमच्या सासूनं पदर तोंडावर ओढला होता आणि पूनम उठून मांडवाबाहेर चालली होती.

गावोगाव फिरणाऱ्या कीर्तनकाराला गावातलं काय ठाऊक असणार? तो ज्याच्या घरी उतरतो त्याच्या पाटावर जेवतो, आणि यजमान त्याला भाजीबरोबर गावातली चार माणसंही वाढतो. महाराज भगवंतरावांच्या घरी उतरले होते.

कीर्तन सुटल्यावर भगवंतराव जवळ आले. “मनावर घेऊ नका दादाजी. कीर्तनात चालतेच. पण पुढच्या सालापासून वीणेचं काईतरी पाहा लागन. लोकं बोलून राह्यले.”

घरी प्रयागबाईंनी नवऱ्यापुढं ताट ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

“तुमी काऊन नाई बोलले तिथं?”

“गादीवरच्या माणसाले बोलत नाईत.”

“गादी नारदाची हाये. जीभ तं महाराजाचीच होती ना.”

दादाजींनी ताट थोडं बाजूला सारलं.

“मी आजवर तुमच्या तबकडीले काई म्हणलं?” प्रयागबाई म्हणाल्या. “म्हणलं, खांदा मोकळा होते, तोंडावर जरा उजेड येते, जाऊ दे. अन् हा काल आलेला माणूस चार गावाईपुढं म्हणते का माहा नवरा लोकाच्या सुनेमागं जाते.”

“माह्यावर हसले तं हसू दे व. माहं काय जाते. त्या पोरीले काऊन ओढलं?” दादाजींचा आवाज चढला. घरात असा आवाज प्रयागबाईंनी फार वर्षांत ऐकला नव्हता. “कीर्तनात ऐकलं ते मी आजवर खरं मानलं. सगळं गाव मानते. आता हेबी खरंच मानन ना गाव.”

सकाळी ते ढाब्यावर गेले. हर्षदीप एकटाच गल्ल्यावर होता. “काका,” तो मान खाली घालून म्हणाला, “आई म्हणते, पूनमले काई दिवस घराबाहेर, इकडं ढाब्यावर येऊ देऊ नको. तुमीबी... थोडे दिवस.”

“तुले काय वाटते?”

“मले काय वाटायचं. आईच्या मैत्रिणीनं रात्री तोंडावर विचारलं.”

दादाजींनी बाजेवरची पिवळी तबकडी उचलली आणि ती हातात घेऊन भर बाजारातून भगवंतरावांच्या घरी आले. महाराज ओसरीवर चहा पीत होते.

“महाराज, तुमी पाह्यलं नाई त्याच्यावर बोलले. चला, पाहून घ्या. मंग बोला.”

“अहो, काल्याची तयारी करा लागते त्याईले,” भगवंतराव मधे पडले.

पण महाराज कपबशी ठेवून उठले. माणूस वाईट नव्हता, आणि तरुण होता. ही ताटली आहे तरी काय हे बघायची त्यालाही हौस होती. दादाजींच्या मोटारसायकलवर मागं बसून तो ढाब्यामागच्या माळावर आला.

“फेका,” दादाजी म्हणाले.

महाराजांनी उपरणं कमरेला खोचलं आणि दंडातलं सगळं बळ लावून तबकडी सोडली. ती सुटली तशी उजवीकडं कलली, कलता कलता उभी झाली आणि चाकासारखी घरंगळत बोरीच्या काट्यात शिरली.

“हे काय झालं?”

“झाडाईवर आपटून आपटून हट्ट विसरली, मऊ पडली ती. तिले जोर दाखवला का उलथते. तुमच्यासारख्या हातानं डावी कड झुकवून सोडावं लागते. आधी वाकवून सोडली का वाटेत सरळ होते.”

दुसऱ्या खेपेला महाराजांनी तसं केलं. तबकडी तिरपी निघाली, वाटेत कुणी तळहातानं उचलावी तशी सपाट झाली आणि दादाजींनी आजवर कधी टाकली नव्हती इतक्या लांब सरळ गेली. महाराज लहान मुलासारखे हसत ती उचलून घेऊन आले. मग एकदम गंभीर झाले.

“दादाजी, अहो, काय दृष्टांत आहे हा. झाडांवर आपटून हट्ट गेला, आणि वाकून निघाली ती सरळ पोचली. आज काल्यात हाच घेतो. कालचं सगळं धुऊन निघेल.”

“दृष्टांत नका करू महाराज,” दादाजी म्हणाले. “ही मले त्या पोरीनं निवडून देल्ली. माह्या खांद्याले झेपन अशी. तिचं शिकवणं एवढंच हाये. आज ते पोरगी घराबाहेर निघून नाई राह्यली. तुमी दोन वाक्यं बोला. काल बोललो ते ऐकीव होतं. ते खरं नव्हतं. बस.”

महाराज तबकडीवरची माती पुसत राहिले. “जेवताना भगवंतराव बोलले, मी घेतलं. गावातलं काही घातल्याशिवाय लोक जागे राहत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पण गादीवरून चुकलो म्हणता येत नाही दादाजी. गादीचा मान जातो.”

“काल नाई गेला?”

महाराजांनी तबकडी दादाजींच्या हातात परत दिली. “बघतो,” एवढंच म्हणाले.

दादाजी त्यांना सोडून घरी आले तर प्रयागबाई घरात नव्हत्या. त्या हर्षदीपच्या घरी जाऊन पूनमच्या सासूसमोर उभ्या राहिल्या होत्या. “तुमच्या सुनेले माह्याबरोबर पाठवा. काल्याले माह्याजवळ बसन ते. कोणाले काई इचारायचं असन तं मले इचारा म्हणा.” सासूच्या होकाराची वाट न बघता त्यांनी पूनमचा हात धरला आणि चालू लागल्या.

काल्याला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दादाजींनी वीणा गळ्यात घेतली. बायकांच्या बाजूला पुढच्याच ओळीत प्रयागबाई, आणि त्यांच्या शेजारी, गुडघ्यांवर नजर लावून पूनम.

महाराजांचा गळा कालच्यापेक्षा मोकळा लागला. गोपाळांचे खेळ आले, विटीदांडू आला, चेंडू आला, आणि मग तबकडी आली. “एका गावी एक भाविक होता,” महाराज सांगू लागले. संसाराच्या झाडांवर आपटून आपटून जीव कसा मऊ पडतो, अंगातला हट्ट कसा झडतो, जोर करणारा कसा उलथून काट्यात जातो, आणि सद्गुरूच्या हातून वाकून निघालेला कसा वाटेत आपोआप सरळ होऊन देवाच्या टोपलीत पडतो. त्यांनी हात असा फिरवला की सगळ्यांना ती तबकडी मांडवाच्या छताखालून जाताना दिसली. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बायका हुंदके देऊ लागल्या. टाळ असे पडले की अंगावर काटा यावा. खरं सांगायचं तर दादाजींच्याही डोळ्यांत पाणी आलं. कीर्तन सुंदर होतं. त्यांना नाही म्हणता येईना.

ते वाट बघत राहिले. आता बोलतील. आता वळतील. काल वळले होते तसे, खांद्यावर हात ठेवतील आणि बोलतील.

महाराज वळले नाहीत. हसायच्या वेळी विणेकरी खांद्यावर हात ठेवून दाखवला होता. गौरवाच्या वेळी ‘एका गावचा भाविक’ झाला. आणि ‘सद्गुरूच्या हातून’ म्हणताना ती निवडून देणारी पोरगी कुठल्या कुठं गेली. दहीहंडी फुटली, गजर टिपेला गेला. भगवंतराव लाह्या उधळत जवळ आले आणि कानाशी म्हणाले, “झालं ना आता समाधान? वीणा राह्यली तुमच्याकडंच.”

दादाजींनी बायकांकडं पाहिलं. सगळ्या जणी डोळ्यांना पदर लावून होत्या. पूनमचे डोळे कोरडे होते आणि अजून गुडघ्यांवरच होते. तिच्या दुसऱ्या बाजूची बाई तिच्यापासून जरा सरकून बसली होती.

कीर्तन संपलं की कीर्तनकारानं विणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, विणेकऱ्यानं कीर्तनकाराच्या, आणि मग दोघांनी एकमेकांना उराउरी भेटायचं. रीतच आहे. त्यात कोण मोठा, कोण लहान असं नसतं. वडिलांच्या काळापासून दादाजी प्रत्येक कीर्तनकारापुढं असे वाकत आले होते. विशीतल्या पोरापुढंसुद्धा, आणि गाता न येणाऱ्यापुढंसुद्धा.

रविकांत महाराज वळले आणि वाकले. त्यांचं डोकं दादाजींच्या पावलांना लागलं. ते उठले, दोन्ही हात पसरून थांबले.

दादाजी उभेच राहिले. एक हात वीणेच्या दांडीला, दुसऱ्याचं बोट तारेवर. ते महाराजांकडं रागानं बघत नव्हते. नुसते बघत होते. गजर चालू होता, लाह्या उडत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. भगवंतरावांचं मात्र गेलं. “दादाजी,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “वाका ना. काय करून राह्यले तुमी?”

तार वाजत राहिली. महाराजांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. त्यांच्या तोंडावरून हसू गेलं. माळ घालायला लोक पुढं आले आणि ते त्यांच्याबरोबर गेले. पुढच्या साली वीणा कोणाच्या गळ्यात जाणार हे भगवंतरावांच्या तोंडाकडं बघून कुणालाही सांगता आलं असतं.

लोक जेवायला पंगतीला गेले. सप्ताह संपला, वीणा आता उतरवायची. दादाजींनी ती गळ्यातून काढली, कपाळाला लावली आणि विठ्ठलाच्या पायाशी ठेवली. पायाशी ठेवून थोडा वेळ तिच्यावरचा हात काढला नाही.

मांडवात लाह्या, फुलं आणि खापराचे तुकडे पसरले होते. महाराज जिथं उभे होते तिथलं जाजम चुरगळलेलं होतं. दादाजी तिथं गेले. जाजम त्यांनी हातानं सारखं केलं, गुडघे टेकले आणि नारदाच्या त्या रिकाम्या गादीवर कपाळ ठेवलं.

मांडवाच्या खांबाशी प्रयागबाई आणि पूनम उभ्या होत्या. पूनम पुढं निघाली, तशी प्रयागबाईंनी तिला थांबवलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “उठतीन ते.”